लिंकचा हवाला

मराठीत ‘हवाला’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात. एखाद्या ग्रंथाचा, बातमीचा किंवा जाणत्या माणसाचा हवाला देणं म्हणजे आपल्या म्हणण्यामागे कोण उभं आहे ते दाखवणं. दुसरा हवाला पैशांचा. तो बँकेबाहेरून फिरतो आणि त्याचं नाव आलं की पोलीस आठवतात. शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, आणि दोन्ही अर्थांच्या मुळाशी ‘सोपवणं’ हाच भाव आहे.

इंटरनेटवरच्या लिंकचा इतिहास वाचताना मला हा शब्द सारखा आठवत राहतो. कारण लिंक पहिल्या अर्थाचा हवाला म्हणून जन्माला आली आणि काही वर्षांतच तिचा दुसऱ्या अर्थाचा हवाला झाला. आज आपण सर्च इंजिनमध्ये दोन शब्द टाकतो आणि वर आलेली चार-पाच पानं वाचून मोकळे होतो. ती पानंच वर का आली, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या ‘का’चं एक मोठं उत्तर बॅकलिंक हे आहे. माझ्या पानावरून तुमच्या पानाकडे जाणारी वाट माझ्यासाठी लिंक असते. तीच वाट तुमच्या बाजूने पाहिली की बॅकलिंक. कुणाकडे अशा किती वाटा येतात आणि त्या कुठून येतात, हे मोजून मोठेपण ठरवायची कल्पना मात्र इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे.

ती सुरू झाली वकिलांच्या कचेऱ्यांत. अमेरिकेतल्या कोर्टांत जुन्या निकालांचा आधार घेऊन नवे निकाल दिले जातात. त्यामुळे वकिलाला दोन गोष्टी कळाव्या लागतात. आपण दाखवतोय तो निकाल नंतर कोणकोणत्या खटल्यांत वापरला गेला, आणि तो अजून जिवंत आहे की वरच्या कोर्टाने मोडीत काढला. १८७३ साली इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने यावर उपाय काढला. मागून डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या तो विकू लागला. वकिलाने त्या आपल्याकडच्या निकालांच्या पुस्तकात त्या-त्या निकालाशेजारी चिकटवायच्या. पुढे या चिठ्ठ्यांची पुस्तकं झाली आणि शेपर्डची सूची पाहिल्याशिवाय कोर्टात उभं राहू नये, असा तिकडे रिवाज पडला.

या सूचीतली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. नंतरच्या निकालाने आधीच्या निकालाचं नुसतं नाव घेतलं, एवढंच ती सांगत नव्हती. मान्य केलं, फरक दाखवून बाजूला ठेवलं की रद्द ठरवलं, यासाठी तिच्यात अक्षरांच्या खुणा होत्या. म्हणजे हवाला होता आणि त्या हवाल्यामागचा हेतूही नोंदलेला होता.

शेपर्ड कंपनीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्रातून ही पद्धत यूजीन गारफिल्ड या तरुण अभ्यासकाला समजली. १९५५ साली त्याने ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून विज्ञानासाठीही अशी सूची हवी, असं मांडलं. १९६४पासून त्याच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित निघू लागली. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला, हे आता उलट्या दिशेने शोधता येऊ लागलं. पण या स्थलांतरात शेपर्डच्या खुणा गळल्या. हजारो शोधनिबंध वाचून कोण कुणाशी सहमत आहे हे ठरवणार कोण? उल्लेख मोजायला यंत्र पुरतं, हेतू ओळखायला वाचक लागतो. गारफिल्डला याची कल्पना होती. माणसं दुसऱ्याचा उल्लेख का करतात, याची पंधरा कारणं त्यानेच एका लेखात दिली आहेत. त्यात पूर्वसूरींना मान देणं आहे, तसंच दुसऱ्याचा दावा खोडणंही आहे. तरी मोजणीत पंधराही कारणं सारखीच धरली गेली.

१९७६ साली गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन या दोघांनी आणखी एक पायरी चढली. सगळे उल्लेख सारखे धरू नका, म्हणाले. ज्या नियतकालिकाचे स्वतःचे भरपूर उल्लेख होतात, त्याने केलेला उल्लेख जास्त वजनाचा. गावात दहा जणांनी नाव घेतलं आणि ज्याचा शब्द चालतो अशा एकाने घेतलं, यात फरक असतोच. तो फरक त्यांनी गणितात बसवला.

इथून वेबकडे. टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत वेबचा पहिला प्रस्ताव दिला. त्याच्या आधी टेड नेल्सनसारख्या माणसांनी दोन्ही बाजूंनी बांधलेल्या लिंकचं स्वप्न पाहिलं होतं. माझ्या पानाने तुमचा उल्लेख केला की तुमच्या पानालाही ते कळावं, असं. बर्नर्स-लीने लिंक एकतर्फी ठेवली. कुणाच्या परवानगीची गरज नाही, कुठल्या मध्यवर्ती वहीत नोंद नाही. वेब इतक्या झपाट्याने पसरलं त्यामागे हा सुटसुटीतपणा आहे. त्याची किंमत अशी की आपल्याकडे कोण बोट दाखवतंय, हे पानाला स्वतःला कळत नाही. ते कळायचं तर सगळं वेब चाळून प्रत्येक लिंक उलटी करून पाहिली पाहिजे. ज्याच्याकडे ही उलटी वही, त्याच्या हातात मोठेपण ठरवायचं माप. सर्च इंजिनांच्या सत्तेचं मूळ मला इथे दिसतं.

सुरुवातीच्या इंजिनांना हे माप सुचलं नव्हतं. १९९५च्या डिसेंबरात आलेलं अल्टाव्हिस्टा त्या काळात आश्चर्य वाटावं असं वेगवान होतं, पण त्याचा भर पानावरच्या शब्दांवर होता. शब्द जास्त वेळा आला की पान वर. मग लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहू लागले. वाचणाऱ्याला कोरी जागा दिसायची, यंत्राला माहितीचा खजिना. १९९७च्या नोव्हेंबरात अशी स्थिती होती की चार आघाडीच्या इंजिनांत त्यांचंच नाव टाकलं, तर पहिल्या दहात स्वतःला शोधू शकणारं एकच निघालं. ही नोंद लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्या १९९८च्या प्रसिद्ध निबंधात आहे.

शब्दांऐवजी लिंक मोजायची कल्पना मात्र एकट्या गूगलची नाही. हे आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे शोधांच्या गोष्टी एका नायकाच्या करून सांगायची खोड आहे. ली यानहोंग ऊर्फ रॉबिन ली हा चिनी अभियंता न्यू जर्सीत डाऊ जोन्सच्या एका शाखेत नोकरी करत होता. शोधनिबंधांच्या उल्लेखांवरूनच त्याला सुचलं आणि १९९६ साली त्याने ‘रँकडेक्स’ उभं केलं. त्याचा पेटंटचा अर्ज १९९७चा, पेजचा १९९८चा. त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग आयबीएमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वाटेने तिथेच पोचला. मोटार बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या पानावर ‘मोटार बनवणारी कंपनी’ असं लिहीतच नाहीत, हे त्याने दाखवून दिलं. ते दुसऱ्यांच्या बोलण्यात सापडतं. म्हणून त्याने पानांच्या दोन जाती केल्या. काही पानं स्वतः जाणकार, तर काही जाणकारांचे पत्ते सांगणारी.

स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेजने १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पाचं नाव ‘बॅकरब’ होतं. त्यातला ‘बॅक’ बॅकलिंकचा. पुढे त्याचं गूगल झालं. त्यातलं पेजरँक हे माप समजायला अवघड नाही. एका वाचकाची कल्पना करा, जो कुठलंही पान उघडतो, त्यावरची कुठलीही एक लिंक दाबतो, पुढच्या पानावर पुन्हा तेच. शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी वेळा तो असा पुढे जातो, उरलेल्या वेळी कंटाळून कुठलंतरी भलतंच पान उघडतो. हा भटक्या अनंतकाळ फिरत राहिला, तर ज्या पानावर तो जास्त वेळा सापडेल ते पान मोठं. मोठ्या पानाची लिंक वजनदार ठरते, आणि त्या पानाने दहा जणांना लिंक दिली तर वजन दहांत वाटलं जातं. पिन्स्की-नारिनचंच तत्त्व, पण अडीच कोटींच्या आसपास पानांवर चालवलेलं.

यात आणखी एक जोड होती. लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते, ते शब्द समोरच्या पानाच्या खात्यात जमा व्हायचे. म्हणजे तुम्ही कोण आहात, हे तुमच्यापेक्षा तुमच्याकडे बोट दाखवणारे ठरवणार.

लिंक विकत घेतल्या तर काय, हा प्रश्न पेज-ब्रिनना पडला नव्हता असं नाही. पेजरँकवरच्या त्यांच्या सुरुवातीच्या टिपणात तो येतो. फार तर मोठ्या साईटवर जाहिरातीसारखी लिंक विकत घेता येईल, पण त्याला पैसे पडतात, तेव्हा तो प्रकार आटोक्यात राहील, असा त्यांचा सूर आहे. पैसे पडतात म्हणून लोक थांबतील! बाजारात चार दिवस काढलेल्या कुणालाही याचं हसू येईल.

गूगलने २०००च्या शेवटी ब्राउझरला जोडायची एक पट्टी काढली. तिच्यात प्रत्येक पानाची शून्य ते दहा अशी पत हिरव्या रेघेने दिसायची. झालं, मालाला भाव लागला. सात पत असलेल्या पानावरची लिंक एका दराने, चारची दुसऱ्या दराने. ओक्लाहोमातल्या ‘सर्चकिंग’ नावाच्या कंपनीने हाच दलालीचा धंदा केला, गूगलने तिची पत उतरवली, तेव्हा ती कोर्टात गेली. २००३ साली कोर्टाने सांगितलं की पेजरँक हे गूगलचं मत आहे, आणि मत मांडायचं स्वातंत्र्य घटनेने दिलेलं आहे. मोजमापाचा शास्त्रीय दावा करणाऱ्या कंपनीला कोर्टात वाचवलं ते ‘आमचं आपलं मत’ या बचावाने.

मोठी दुकानंही यात मागे नव्हती. २०११च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं की जे. सी. पेनी ही जुनी अमेरिकन दुकानसाखळी कपड्यांपासून चादरींपर्यंत डझनावारी शब्दांना गूगलवर वर येत होती, आणि तिच्याकडे येणाऱ्या हजारो लिंक भलत्याच विषयांच्या ओसाड पानांवर पेरलेल्या होत्या. गूगलने तिला खाली ढकललं. कंपनीने आपल्याला ठाऊक नव्हतं म्हणून सल्लागार बदलला.

पण विकतच्या लिंकपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो शेपर्डच्या हरवलेल्या खुणांचा प्रश्न. २००४ साली गूगलवर इंग्रजीत ‘ज्यू’ हा शब्द टाकला की पहिल्या क्रमांकाला ज्यूद्वेष पसरवणारी एक साईट यायची. ज्यूंबद्दल सांगणारी इतकी पानं असताना ती वर का? स्वतः ज्यू लोक आणि त्यांच्याविषयी अभ्यासाने लिहिणारे ‘ज्युडाइझम’ किंवा ‘ज्युइश’ हे शब्द जास्त वापरतात. नुसता ‘ज्यू’ हा शब्द द्वेष्ट्यांच्या तोंडी अधिक. म्हणजे त्या एका शब्दाच्या व्याख्येची चावी शत्रूच्या हातात गेली होती. शिवाय हे पाहा काय लिहिलंय, असं म्हणत निषेधाने लिंक देणाऱ्यांचीही भर निकालाच्या मोजणीत पडत होती. यंत्राला राग कळत नाही, त्याला फक्त बोट दिसतं. गूगलने निकालात हात घालायला नकार दिला आणि वर एक खुलासा लावला. मग लोकांनीच मोहीम काढून ‘ज्यू’ या शब्दावर विकिपीडियातल्या लेखाची लिंक जागोजागी दिली. एखाद्या समाजाचं नाव टाकल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, याचं मोल या पानाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

दुसरा किस्सा २०१०चा. ब्रुकलिनमधला एक चष्मेविक्रेता गिऱ्हाइकांना मुद्दाम शिवीगाळ करायचा, धमक्या द्यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: लोक इंटरनेटवर जितक्या तक्रारी करतील तितक्या लिंक वाढतील, आणि दुकान तितकं वर दिसेल. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही गोष्ट छापल्यावर काही दिवसांतच गूगलने गिऱ्हाइकांना छळणाऱ्या दुकानांना खाली आणणारा बदल केला. मात्र तक्रारींच्या कित्येक पानांवरच्या लिंक आम्ही मोजतच नाही, असंही सांगितलं. तो माणूस पुढे तुरुंगात गेला. त्याचा हिशेब कितपत बरोबर होता हा वाद राहील, पण पद्धतीतलं छिद्र त्याने नेमकं ओळखलं होतं.

इतर इंजिनांनी काय केलं हे पाहिलं की गूगलचा रस्ता हा एकमेव रस्ता नव्हता, हे कळतं.

रशियातल्या यांडेक्सचं स्वतःचं ‘उद्धरण सूचकांक’ नावाचं माप होतं. विषयाशी जुळणाऱ्या साईटची लिंक त्यात जास्त धरायची. तिकडे लिंक महिन्याच्या भाड्याने मिळायच्या, खोली भाड्याने मिळते तशा. भाडं थकलं की लिंक काढली जाई आणि साईट घसरे. वैतागून यांडेक्सने टोकाचं पाऊल उचललं. २०१४ साली मॉस्को भागातल्या घरं, पर्यटन, विजेची उपकरणं अशा व्यापारी शोधांसाठी लिंकचं वजन काढूनच टाकलं. धंदेवाल्यांनी भाडी भरायचं थांबवलं का? बऱ्याच जणांनी नाही. धाडस नको, आणि उद्या नियम फिरला तर? २०१५ साली यांडेक्सने लिंक पुन्हा हिशेबात घेतली आणि सोबत विकत घेणाऱ्याला शिक्षा करणारा अल्गोरिदम आणला. त्याला मिनुसिन्स्क या सायबेरियातल्या गावाचं नाव दिलं. न मोजून जे साधलं नाही ते दंड लावून साधायचा हा प्रयत्न.

रँकडेक्सवाला रॉबिन ली २००० साली चीनला परतून बायडू काढून बसला होता. लिंक मोजणारा पहिल्या काहींपैकी एक माणूस, आणि त्याच्याच इंजिनाला २०१३ साली लिंक विकणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. त्या अल्गोरिदमचं नाव ‘ल्यूलुओ’. ही हवा शुद्ध करते असं मानली जाणारी एक वेल आहे. आपल्याकडे बाटलीत लावतात तीच. आपण तिला मनी प्लांट म्हणतो. बायडूला हा विनोद अर्थातच अभिप्रेत नव्हता.

कोरियातल्या नेव्हरची गोष्ट मला मराठीच्या दृष्टीने सगळ्यात जवळची वाटते. सुरुवातीला कोरियन भाषेत वेबपानंच कमी होती. पानं कमी, म्हणून लिंक कमी, म्हणून लिंक मोजून निवडावं असं फार काही नव्हतंच. नेव्हरने २००२ साली लोकांनी प्रश्न विचारायचे आणि लोकांनीच उत्तरं द्यायची अशी सोय काढली, आणि शोधणाऱ्याला ती उत्तरं दाखवली. आधी मजकूर पिकवला. आपल्याकडे त्या काळात मराठी वर्तमानपत्रांच्या साईट आपापल्या खास फॉन्टमध्ये होत्या. डोळ्यांना मराठी दिसायचं, इंजिनाला अर्थहीन अक्षरं. युनिकोड रुळल्यावर मजकूर दिसू लागला, लिंक मात्र अजूनही कमीच. दुसऱ्याची माहिती घेऊन ‘एका संकेतस्थळानुसार’ एवढंच लिहायची आपली रीत आहे. त्याने मूळ लिहिणाऱ्याचं नाव जातं आणि मोजणीतलं स्थानही जातं. इंग्रजीतला उथळ लेख वर आणि मराठीतला कसून लिहिलेला लेख पाचव्या पानावर, यात यंत्राचा दोष आहे तसा या कंजूषपणाचाही आहे.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि खोट्या लिंकवर उभ्या असलेल्या साईट कोसळल्या. त्यानंतरचे महिने पाहण्यासारखे होते. काल पैसे देऊन लावलेल्या लिंक आज काढा म्हणून लोक विनवण्या करू लागले, आणि काहींनी लिंक काढण्याचेही पैसे मागितले. नको असलेल्या लिंक नाकारायची सोय मायक्रोसॉफ्टच्या बिंगने त्याच वर्षी जूनमध्ये दिली, गूगलने ऑक्टोबरमध्ये. २०१६मध्ये गूगलने पेंग्विनचा पवित्रा बदलला. अशा लिंकसाठी साईटला शिक्षा करण्याऐवजी ती लिंकच शून्य धरायची. त्याच वर्षी ती हिरवी रेघही लोकांसमोरून काढून घेतली. माप आत चालू राहिलं, बाहेरचं प्रदर्शन संपलं.

खुणा परत आणायचे प्रयत्नही झाले. २००५च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली: लिंक देतोय, पण हिची भर मोजणीत धरू नका. दोन वर्षांनी इंग्रजी विकिपीडियाने बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकवर ती लावली. साधारण त्याच सुमारास ‘टेक्नोराटी’ या कंपनीतल्या मंडळींनी जास्त धीट सूचना केली होती. लिंकवरच ‘बाजूने’, ‘विरोधात’ किंवा ‘तटस्थ’ असं लिहायची सोय. शेपर्डच्या अक्षरांची नवी आवृत्तीच ती. ती रुजली नाही. २०१९ साली गूगलने नोफॉलोच्या जोडीला दोन खुणा आणल्या, एक पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी, दुसरी वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी, आणि या खुणा आपण आज्ञा नव्हे तर इशारा म्हणून वाचू असं सांगून टाकलं. लिंक पैशाची आहे का, हे आता लिहिता येतं. लिंक देणाऱ्याला समोरचं म्हणणं पटलंय की नाही, ते लिहायला त्यांत जागा नाही.